टोपीवर पिसं किती? स्कॉटिश क्लॅनप्रमुखांची ढालचिन्हं आणि निशाणं

स्कॉटलंडमधल्या क्लॅनप्रमुखांची (क्लॅन म्हणजे एका नावाखाली एकत्र आलेलं कुळ) चिन्हं आणि त्यांचे ध्वज यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. त्याआधी एक शब्द बाजूला ठेवू या. 'कोट ऑफ आर्म्स'ला मराठीत आपण सरसकट 'कुलचिन्ह' म्हणतो आणि गोंधळाची निम्मी मुळं या शब्दातच आहेत. स्कॉटिश कायद्यात असं चिन्ह कुळाचं नसतं, एका माणसाचं असतं. म्हणून पुढे सगळीकडे 'ढालचिन्ह' हा शब्द वापरला आहे.

प्रश्न : आमच्या जावयांचं आडनाव कॅमेरॉन. एडिंबरातल्या एका दुकानातून त्यांनी 'कॅमेरॉन घराण्याचं चिन्ह' असं लिहिलेली फ्रेम आणली आहे. लाल ढालीवर तीन सोनेरी आडवे पट्टे आहेत. हे चिन्ह आता नातवंडांचंही झालं का?

नाही, आणि जावयांचंही झालेलं नाही. लाल ढालीवर तीन सोनेरी पट्टे हे 'कॅमेरॉन ऑफ लॉखील' यांचं, म्हणजे क्लॅन कॅमेरॉनच्या प्रमुखांचं ढालचिन्ह आहे. एका वेळी ते एकाच माणसाच्या मालकीचं असतं. आडनाव सारखं असल्याने त्यावर हक्क पोचत नाही. शेजाऱ्याचं आणि आपलं आडनाव एक असलं म्हणून त्याच्या घराचा सातबारा आपल्या नावावर चढत नाही, तसंच हे.

स्कॉटलंडमध्ये ही निव्वळ शिष्टाचाराची बाब नाही. चिन्हांची तपासणी करून ती नियमात आणण्याचा अधिकार 'लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स' या पदाला १५९२च्या कायद्याने मिळाला. १६७२च्या कायद्याने सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. लॉर्ड लायन हे न्यायाधीशही आहेत. एडिंबरात त्यांचं न्यायालय आहे, तिथे फिर्याद चालवणारा स्वतंत्र अधिकारी आहे आणि दुसऱ्याचं चिन्ह बळकावल्याबद्दल रीतसर खटला होऊ शकतो. इंग्लंडमध्ये अशा तंट्यांसाठी असलेलं न्यायालय १९५४ साली भरलं, त्यानंतर भरलेलंच नाही. स्कॉटलंडचं लायन न्यायालय मात्र रोजच्या कामकाजात आहे.

फ्रेम भिंतीवर राहू द्या. 'आमच्या क्लॅनच्या प्रमुखांचं चिन्ह' म्हणून ती लावण्यात काहीच वावगं नाही. लग्नपत्रिकेवर, अंगठीवर किंवा दारावरच्या पाटीवर तीच ढाल छापली, की 'हे माझं' असा दावा होतो. तो करू नये.

जावयांना हक्काने वापरता येईल अशी एक वस्तू मात्र आहे : क्रेस्ट बॅज. प्रमुखांच्या शिरस्त्राणावर जी आकृती असते ती 'क्रेस्ट'. लॉखील यांची क्रेस्ट म्हणजे लाल फितीने बांधलेली पाच बाणांची जुडी. तिच्याभोवती बक्कल लावलेला पट्टा गोलाकार फिरतो आणि त्यावर बोधवाक्य असतं. लॉखील यांचं बोधवाक्य गेलिक आहे : 'एकजूट व्हा' अशा अर्थाचं. या रचनेत पट्टा महत्त्वाचा. 'क्रेस्ट प्रमुखांची आहे, मी त्यांचा माणूस आहे' हे तो पट्टा सांगतो. दुकानदार पुष्कळदा 'क्रेस्ट' हा शब्द अख्ख्या ढालचिन्हाला लावतात, ते चूक आहे. क्रेस्ट हा ढालचिन्हाचा फक्त सर्वांत वरचा भाग.

प्रश्न : हायलँड गेम्सच्या छायाचित्रांत काहींच्या टोपीवर तीन पिसं दिसतात, काहींच्या दोन, काहींच्या एकच. ही हौस की हुद्दा?

हुद्दा. बॅजमागे गरुडाची तीन पिसं असतील तर तो क्लॅनप्रमुख. दोन असतील तर मोठ्या शाखेचा मुख्य, त्याला 'चीफटन' म्हणतात. 'चीफ' आणि 'चीफटन' हे दोन वेगळे हुद्दे आहेत, वर्तमानपत्रं मात्र ते बेधडक एकमेकांच्या जागी वापरतात. एक पीस असेल तर त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर ढालचिन्ह नोंदलेलं आहे. बाकी क्लॅनवाल्यांना पीस नाही.

पिसांइतकंच क्रेस्टभोवतीच्या कड्याकडेही बघा. प्रमुख, शाखामुख्य आणि स्वतःचं चिन्ह असलेले लोक आपली क्रेस्ट साध्या गोल कड्यात घालतात. बक्कलवाला पट्टा दिसला की माणूस दुसऱ्याची क्रेस्ट वागवतो आहे. बक्कलवाल्या पट्ट्यामागे पीस खोचलेलं असेल तर खुशाल समजा की टोपी हौसेची आहे.

बॅज टोपीच्या डाव्या बाजूला लावतात. त्यामागे क्लॅनची ठरलेली वनस्पती खोचायचीही रीत आहे : मॅक्लाउडांची जुनिपर, मॅकडोनाल्डांची हेदर. पिसं बहुधा बॅजमध्येच चांदीची घडवलेली असतात. खरी लावायची तर ती कुठून आली हे सांगता आलं पाहिजे, कारण सोनेरी गरुडाला १९८१च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

प्रश्न : एकाच मेळाव्यात एकाच प्रमुखाचे तीन-चार वेगळ्या आकारांचे ध्वज दिसले. चौकोनी, लांब शेपटीचा, त्रिकोणी. एवढे कशाला? आणि कोणता कधी?

प्रत्येक ध्वज वेगळी गोष्ट सांगतो. ध्वज पाहताना एकच प्रश्न मनाशी धरा : प्रमुख स्वतः इथे आहे का?

'आहे' असं सांगणारा ध्वज म्हणजे बॅनर. रस्त्यावरच्या फ्लेक्समुळे आपल्याकडे या शब्दाची रया गेली आहे, ते चित्र डोळ्यांपुढून काढून टाका. बॅनर म्हणजे ढालीवरची आकृती चौकोनी कापडभर पसरवलेली. ढालीची बाह्यरेषा नाही, शिरस्त्राण नाही, आधाराला उभे प्राणी नाहीत, बोधवाक्यही नाही. ढालीवर जे आहे तेवढंच आणि ते कापडाच्या चारही कडांपर्यंत. हा ध्वज त्या माणसाच्या सहीसारखा असतो. तो वाड्यावर असेल तर बॅनर वर चढतो, गेला की उतरतो. क्लॅनच्या संस्थेने, नातलगाने किंवा हॉटेलवाल्याने तो परस्पर लावायचा नाही.

हातात धरून न्यायच्या बॅनरची मापं हुद्द्याप्रमाणे ठरलेली आहेत. राजाचा दीड मीटर चौरस, ड्यूकचा सव्वा मीटर, बॅरोनेट आणि जुन्या सरंजामी बॅरनचा ९० सेंटिमीटर. त्याखालच्यांचा ७० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच, म्हणजे किंचित उभट.

लांब, निमुळता होत जाणारा तो स्टँडर्ड. प्रमुख हजर आहे असं तो सांगत नाही, 'क्लॅनने इथे जमायचं' एवढंच सांगतो. थोडक्यात, मुक्कामाचं निशाण. काठीजवळच्या भागात पूर्वी सेंट अँड्र्यूचा फुलीसारखा क्रॉस असे, आता बहुधा प्रमुखाची ढालचिन्हाकृती असते. पुढचं कापड त्याच्या दोन मुख्य रंगांत आडवं विभागलेलं. दोनच पट्टे असले तर क्लॅनप्रमुख, मोठ्या शाखेच्या मुख्याला तीन आणि इतरांना चार. या पट्ट्यांवर क्रेस्ट आणि बॅज येतात आणि त्यांच्या अधूनमधून तिरक्या फितींवर बोधवाक्य किंवा रणघोष लिहिलेला असतो. रणघोष म्हणजे लढाईला माणसं गोळा करायची आरोळी. कॅम्पबेलांची आरोळी 'क्रुआखन', हे लॉख ऑ सरोवराकाठच्या डोंगराचं नाव आहे.

स्टँडर्डचं टोकही वाचता येतं. शेपूट दुभंगलेली आणि टोकं गोलसर असतील तर मालक उमराव किंवा बॅरन. शेपूट न चिरलेली, नुसती गोल असेल तर तसा हुद्दा नाही. लांबीची परंपरा यार्डांत आहे : राजाचा ८ यार्ड, ड्यूकचा ७, अर्लचा ६, लॉर्डचा ५, नाइट आणि बॅरनचा ४. चार यार्ड म्हणजे १२ फूट. एवढं कापड जोराच्या वाऱ्यात एका माणसाला झेपत नाही, त्यामुळे स्टँडर्ड मिरवत नेण्यापेक्षा रोवलेलाच जास्त दिसतो.

त्रिकोणी ध्वज म्हणजे पिन्सेल, आमच्या मते या सगळ्यांत सर्वांत डोकेबाज. प्रमुख येऊ शकत नाही आणि आपल्या जागी कोणाला तरी पाठवतो, तेव्हा त्या प्रतिनिधीसमोर हा लावतात. लांबी साधारण साडेचार फूट, कापड प्रमुखाच्या मुख्य रंगाचं. काठीकडे बक्कलच्या पट्ट्यात प्रमुखाची क्रेस्ट, त्या पट्ट्याबाहेर सोनेरी कडं आणि कड्यावर प्रमुखाचा किताब. निमुळत्या बाजूला क्लॅनची वनस्पती आणि रणघोषाची फीत. सहसा पट्टा दिसला की कडं नसतं आणि कडं दिसलं की पट्टा नसतो. इथे दोन्ही एकत्र येतात, कारण माणूस प्रतिनिधी आहे पण अधिकार प्रमुखाचा आहे. पिन्सेल लॉर्ड लायनकडून फक्त प्रमुखांना आणि मोजक्या विशेष शाखामुख्यांना मिळतो. प्रतिनिधीने तो नेमलेल्या प्रसंगापुरता वापरायचा आणि परत करायचा.

गायडन हा स्टँडर्डचा धाकटा भाऊ. आठ फूट लांब, टोक गोल आणि न चिरलेलं. ज्यांच्यामागे काही माणसं आहेत अशा जमीनदारांना तो मिळतो.

मेळाव्यात स्टँडर्ड रोवलेला आहे, बॅनर नाही आणि तंबूपुढे पिन्सेल आहे असं दिसलं, तर कोणालाही न विचारता कळतं : क्लॅन जमलं आहे, प्रमुख आलेले नाहीत, त्यांचा माणूस तंबूत बसला आहे.

प्रश्न : नाटकासाठी दोन बॅनर शिवायचे आहेत, कॅमेरॉन प्रमुखांचा आणि कॅम्पबेल प्रमुखांचा. इंटरनेटवरच्या चित्रांत रंगांच्या छटा जुळत नाहीत. नेमकी छटा कोणती धरावी?

छटा शोधण्यात वेळ घालवू नका, कारण नेमकी छटा नसतेच. ढालचिन्हाची नोंद शब्दांत होते. त्या शब्दवर्णनाला 'ब्लेझन' म्हणतात आणि त्यात जुन्या फ्रेंच वळणाची रंगनावं येतात : ऑर म्हणजे सोनं किंवा पिवळा, आर्जेंट म्हणजे चांदी किंवा पांढरा, ग्यूल्झ लाल, ॲझर निळा, सेबल काळा, व्हर्ट हिरवा. लाल म्हणजे कोणताही ठसठशीत लाल. स्कॉटलंडच्या राष्ट्रध्वजाच्या निळ्यासाठी मात्र २००३ साली संसदेच्या समितीने पॅन्टोन ३०० ही छटा सुचवली. ढालचिन्हांना तसा कोणताही क्रमांक नाही. काळजी एवढीच घ्या की पन्नास पावलांवरून लाल हा लालच दिसला पाहिजे. मरून किंवा विटकरी घेतलात तर रंगमंचावरच्या पिवळ्या दिव्यात तो तपकिरी दिसेल.

आधी कॅमेरॉन. ब्लेझनमध्ये 'तीन पट्टे' आहेत म्हणून बरेच जण कापडाचे सहा भाग करतात, एकाआड एक लाल आणि सोनेरी. ते चुकतं. लाल हे मैदान आहे आणि पट्टे त्यावर ठेवलेले आहेत, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे लाल उरलं पाहिजे. भाग सात होतात : लाल, सोनेरी, लाल, सोनेरी, लाल, सोनेरी, लाल. सहा भागांचं ब्लेझन वेगळं आणि ते चिन्हही वेगळ्याच कोणाचं तरी. वर दिलेल्या ९० सेंटिमीटरच्या मापाचे सात भाग करताना कात्री डगमगते. त्यापेक्षा ९१ धरा, म्हणजे प्रत्येक पट्टी बरोबर १३ सेंटिमीटर येते. शिवणीसाठी दोन्ही कडांना दीड-दीड सेंटिमीटर जास्त सोडा.

कॅम्पबेल जास्त कष्टाचं. कॅम्पबेलांचे प्रमुख म्हणजे आर्गाइलचे ड्यूक, त्यांच्या ढालीचे चार भाग आहेत. पहिल्या आणि चौथ्या भागात सोनेरी-काळे आठ त्रिकोण मध्यबिंदूला मिळतात, दुसऱ्या आणि तिसऱ्यात पांढऱ्यावर काळं वल्ह्यांचं जहाज, शिडं गुंडाळलेली आणि त्यावरची निशाणं लाल. ड्यूकचं माप सव्वा मीटर, म्हणजे प्रत्येक भाग साडेबासष्ट सेंटिमीटरचा चौरस. चौरस आहे म्हणून उभी, आडवी आणि दोन तिरक्या रेषा मारल्या की आठही त्रिकोण सारखे येतात. आयताकृती कापड घेतलंत तर ते एकसारखे येणार नाहीत.

आठ त्रिकोण सुटे कापून जोडले तर मध्यबिंदूवर सोळा पदर गोळा होतात, तिथे गाठ येते आणि सुई मोडते. सोपा मार्ग : अख्खा काळा चौरस घ्या, त्यावर चारच सोनेरी त्रिकोण शिवा आणि त्यांची टोकं मध्याच्या अलीकडे दोन-तीन मिलिमीटरवर थांबवा. लांबून फट दिसत नाही. तिरक्या कडेचं कापड ताणलं जातं, तेव्हा शिवण्याआधी मागून चिकटकापड इस्त्रीने बसवा, नाहीतर त्रिकोणाची कड लाटेसारखी वाकते.

आता दिशा. ढालीची 'उजवी' म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. पहिला भाग बघणाऱ्याच्या डावीकडे वर. ध्वजावर हीच बाजू काठीकडे येते आणि जहाजाचं नाक किंवा प्राण्याचं तोंड काठीकडे असतं. कापड उलट बाजूने पाहिलं की सगळी आकृती आरशासारखी उलटते. ते बरोबरच आहे, दुरुस्त करू नका. दोन्ही बाजूंना तोंड उजवीकडे किंवा दोन्ही बाजूंना डावीकडे ठेवलं, तर एका बाजूने प्राणी काठीला पाठ दाखवून पळताना दिसतो.

अक्षरं असतील तर गोष्ट वेगळी. स्टँडर्डवरचं बोधवाक्य उलट बाजूने वाचता यायचं तर दोन कापडं पाठीला पाठ लावून मध्ये गडद अस्तर घालावं लागतं. वजन दुपटीहून जास्त होतं आणि हलक्या वाऱ्यात ध्वज काठीला लोंबून राहतो. नाटकात वाराच नाही, म्हणून वरच्या कडेत पातळ आडवी काठी ओवा.

प्रश्न : बॅगपाइपला लोंबणाऱ्या ध्वजावर काय असतं?

प्रमुखाचा खासगी वादक असेल तर प्रमुखाची ढालचिन्हाकृती. तो ध्वज सर्वांत लांब नळीला, म्हणजे बेस ड्रोनला बांधतात. ही नळी वादकाच्या डाव्या खांद्यावर तिरकी टेकते. उभ्या काठीसाठी काढलेली आकृती तशीच शिवली तर सिंह पाठीवर पडलेला दिसतो. नळी हीच काठी मानून आकृती बेतावी लागते आणि कापायच्या आधी ती वाद्यावर धरून पाहावी लागते.

प्रश्न : प्रमुखाचं चिन्ह मुलांना कसं जातं? मुलगी प्रमुख होऊ शकते का? आणि वंशच संपला तर?

वडील हयात असताना थोरला मुलगा तेच चिन्ह वापरतो, पण वरच्या बाजूला तीन दाते असलेली आडवी पट्टी घालून. तिला 'लेबल' म्हणतात. वडील गेले की लेबल निघतं. धाकट्यांना आपोआप काहीच मिळत नाही. त्यांनी लायन न्यायालयात 'मॅट्रिक्युलेशन' करून घ्यायचं. इथे मॅट्रिकच्या परीक्षेचा संबंध नाही. मूळ चिन्हात ठरावीक फरक करून, बहुधा भोवती रंगीत किनार देऊन, ते त्या व्यक्तीच्या नावावर नोंदवणं म्हणजे मॅट्रिक्युलेशन. किनार नाही, लेबल नाही, निखळ चिन्ह आहे : तो प्रमुख. लॉर्ड लायन एखाद्याला प्रमुख म्हणून मान्यता देतात तेही हे निखळ चिन्ह त्याच्या नावावर करूनच.

मुलगी प्रमुख होते. मॅक्लाउडांच्या २८व्या प्रमुख डेम फ्लोरा यांनी १९३५ ते १९७६ हे पद सांभाळलं. पुढे पद नातवाकडे गेलं, पण त्यासाठी त्याने वडिलांकडचं आडनाव सोडून मॅक्लाउड हे नाव घेतलं होतं. प्रमुखाने क्लॅनचं नावच लावायचं असतं, जोडआडनाव चालत नाही.

वंशाचा धागा हरवला तर लॉर्ड लायनच्या संमतीने क्लॅनचे लोक तात्पुरता 'कमांडर' नेमू शकतात आणि वंशावळीचा शोध चालू ठेवतात. ब्यूकॅनन क्लॅनचे शेवटचे प्रमुख १६८१ साली वारले. त्यानंतरचे प्रमुख मान्यता पावले ते २०१८ साली.

प्रश्न : पिवळ्यावर लाल सिंह असलेला ध्वज फुटबॉल सामन्यांत सगळेच फडकवतात. तो कोणत्या क्लॅनचा?

कोणत्याच नाही, तो स्कॉटलंडच्या राजाचा बॅनर आहे. प्रजेने तो इमारतीवर लावणं कायद्याने चूक. हातात धरायच्या छोट्या झेंड्यांना १९३५च्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाचव्या जॉर्जनी मुभा दिली, प्रेक्षक तिचाच आधार घेतात. गंमत अशी की बॅनर मालकाची हजेरी सांगतो हा नियम इथे उलटा पडतो. होलीरूडहाउस आणि बॅल्मोरल या राजवाड्यांवर हा सिंह राजा तिथे नसताना चढतो. राजा आला की त्याच्या जागी चार भागांचा राजध्वज लागतो. सामान्य माणसाला स्कॉटलंडमध्ये मोकळेपणाने लावता येईल असा ध्वज म्हणजे निळ्यावर पांढरी फुली असलेला सेंट अँड्र्यूचा.

प्रश्न : मुलगा स्कॉटलंडमध्ये कायमचा स्थायिक आहे. त्याला स्वतःचं ढालचिन्ह मिळेल का?

अर्ज करता येतो. १६७२च्या कायद्यात 'सद्वर्तनी आणि लायक व्यक्तींना' चिन्ह द्यावं असं म्हटलं आहे, जन्म किंवा आडनावाची अट नाही. लॉर्ड लायनकडे याचिका करायची, सोबत स्वतःचे आणि पूर्वजांचा उल्लेख केला असेल तर त्यांचेही जन्म-विवाहाचे दाखले जोडायचे आणि शुल्क भरायचं. मग आकृतीवर चर्चा होते, नोंदवहीत तसं दुसरं चिन्ह नाही ना हे तपासलं जातं, चित्रकार सनद रंगवतो आणि मजकूर नोंदवहीत चढतो. हे महिन्यांचं काम आहे, आठवड्यांचं नाही.

अर्ज अडकतात ते बहुधा हौसेपायी. एका ढालीत वाघ, पुस्तक, दांड्याचं चाक, समुद्र आणि उगवता सूर्य सगळंच हवं असतं. दोन किंवा तीन आकृत्या पुरेत. सोनेरीवर पांढरं किंवा निळ्यावर काळं ठेवू नका : धातूवर धातू नाही आणि रंगावर रंग नाही, कारण लांबून ते एकमेकांत मिसळतं. प्रमुखांची आकृती उचलून तिचा रंग बदलून मागू नका. आणि बोधवाक्य ठरलं की त्याची फीत क्रेस्टच्या वर काढायला सांगा. ढालीखाली काढतात ती इंग्लंडची रीत.